अडगळ काढायची खरी, पण ती जाणार कुठे? (सोलापूरच्या घरांसाठी धागा)

पेठेतली अक्का

दसऱ्याच्या आधी घरोघरी एकच कार्यक्रम असतो. पोटमाळ्यावरचं खाली येतं, पुसलं जातं आणि संध्याकाळपर्यंत परत वर जातं. "वर्षभर वापरलं नाही ते टाका" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू पडत नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात जादा पिंप ही अडगळ नव्हे. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले की पाच चादरी एकदम लागतात, बाकी वर्षभर त्या घडीतच असतात.

वस्तू टाकवत नाही यात माया किती आणि "हे आता नेणार कोण" हा प्रश्न किती, हे वेगळं करून बघा. बहुतेक घरांत दुसऱ्याचाच वाटा मोठा निघतो. म्हणून आवरायला बसण्याआधी वाटा ठरवा.

आठ पोती किंवा पिशव्या घ्या. त्यांच्यावर वस्तूचं नाव लिहू नका, नेणाऱ्याचं लिहा: घंटागाडी (सुका), रद्दीवाला, भंगारवाला, मोडीचं दुकान (जुनी तांब्या-पितळेची भांडी घेणारं), बोहारीण, बॅटरीचं दुकान, इ-कचरा, आणि आठवीवर ज्याला वस्तू द्यायची त्या माणसाचं नाव. प्रत्येक पिशवीवर वारही लिहा. वार न लिहिलेली पिशवी जिन्याखाली बसते आणि महिन्याभरात कुणीतरी तिच्यातलं उचकून दोन वस्तू घरात परत आणतं.

जागा लहान घ्या, तीन फूट बाय तीन फूट. वेळ ४० मिनिटं, त्याहून जास्त नाही, कारण पुढे निर्णयशक्ती थकते आणि सगळंच "राहू दे" होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर काम करायचं तर सकाळी सात ते नऊ, दहानंतर वर चढूच नका.

सुरुवात ज्यात जीव अडकत नाही तिथून करा. झाकण नसलेले डबे, डबा नसलेली झाकणं, टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके, थर्माकोल. वॉरंटीसाठी साधारणपणे बिल लागतं, खोका नाही. फोटो, पत्रं, गेलेल्या माणसाचे कपडे शेवटी. पहिल्याच दिवशी अल्बम उघडला तर त्या दिवशी दुसरं काही होत नाही.

ज्याला ज्या वाटेची माहिती आहे त्यांनी नीट, आकड्यांसकट लिहावं.

काटा-तराजू

अक्का, भंगार आणि मोड वेगळं लिहिलंत हे फार बरं केलंत. लोक सगळं एका पोत्यात भरतात आणि सगळ्यावर लोखंडाचा भाव मिळतो.

आधी लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. नाही चिकटलं ते तांबं, पितळ, ॲल्युमिनियम किंवा चांगलं स्टील. भावाची उतरंड सहसा अशी असते: तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील, लोखंड, मग कागद. पितळी घागरीला लोखंडी कडी असेल किंवा कुकरला बाकेलाइटची मूठ असेल तर ती घरीच काढा, नाहीतर अख्ख्या भांड्याचं वजन "मिक्स" म्हणून धरतात. वायरी जाळून तांबं काढू नका. वरच्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो आणि जळलेल्या काळ्या तांब्याला भावही कमी येतो.

काटा तपासायची सोपी रीत: पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली लावा, एक किलोपेक्षा थोडं जास्त दाखवायला हवं. मोठ्या वजनासाठी न उघडलेली पाच किलो पिठाची पिशवी. तानकाटा असेल तर रिकामा हूक शून्यावर आहे का ते आधी बघा. एवढं केलं की बोलाचाली होत नाही, आणि रोज ऊन्हात गाडा ओढणाऱ्या माणसाशी अकारण वाकडंही बोललं जात नाही.

रद्दी कोरडी हवी. घडी घातलेल्या वर्तमानपत्रांचा एक फूट उंच गठ्ठा साधारण १५ किलो भरतो. सुतळीने दोन्ही बाजूंनी बांधून १० किलोच्या आत ठेवा, म्हणजे शिडीवरून उतरवताना पाठ भरत नाही. चकचकीत लग्नपत्रिका, वह्या आणि वर्तमानपत्रं वेगळी ठेवा, त्यांचे भाव वेगळे असतात.

भंगारात द्यायच्या नाहीत अशा गोष्टी:

गॅसची टाकी. ती कंपनीच्या मालकीची असते. कनेक्शनचा कागद घेऊन एजन्सीत परत करा, अनामत रक्कम परत मिळते.

इन्व्हर्टरची आणि गाडीची बॅटरी. आतलं ॲसिड गटारीत ओतून रिकामी बॅटरी विकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आहे तशी, उभी ठेवून, बॅटरीच्या दुकानात न्या. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात.

जुना डबा टीव्ही. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडला की ते कचऱ्यात आणि हातात येतं. जुन्या फ्रिजची नळीही कापू नका, आतला गॅस बाहेर पडतो. दोन्ही अखंड इ-कचऱ्यात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या इ-कचरा नियमांनी या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे नवी वस्तू घेताना दुकानदाराला जुनीबद्दल विचारायला संकोच करू नका. फुगलेली मोबाईल बॅटरी मात्र कुठल्याच पोत्यात टाकू नका. ती दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून वेगळी द्या.

कडक भाकरी

पिंपांचं बोलूया की ओ. "पाणी येत नाही, राहू दे" म्हणून गच्चीवर आठ-आठ पिंपं उभी असतात, त्यातली निम्मी तडकलेली. किती लागतात ते मोजता येतं.

माणसं गुणिले रोजचं पाणी गुणिले (नळाचा फेरा अधिक एक दिवस). घरात पाच माणसं, प्रत्येकी ६० लिटर, फेरा पाच दिवसांचा धरला तर ५ × ६० × ६ = १८०० लिटर. वर १००० लिटरची टाकी असेल तर उरले ८००, म्हणजे २०० लिटरची चार पिंपं. पाचव्यापासून पुढची गेली तरी चालतं. आकडा कागदावर आला की घरातल्या मोठ्या माणसांनाही पटतं, "फेकून द्या" म्हटल्यावर पटत नाही.

कुठलं पिंप ठेवायचं? उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. बाहेरून बोट फिरवलं आणि पांढरी भुकटी आली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर कुरकुरलं, तर पुढच्या उन्हाळ्यात ते भरलेलं असताना फुटणार. दोनशे किलो पाणी एकदम खोलीत. आधी त्यात कसलं रसायन होतं हे माहीत नसेल तर ते पिण्याच्या पाण्याला कधीच नको.

डासांचंही बघा. डेंग्यूचा डास भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, नळ यायच्या दिवशी भरण्याआधी आतली कड काथ्याने घासा. आणि गच्चीवरचे टायर, फुटके माठ, कुंड्यांच्या बश्या, पालथ्या न घातलेल्या बादल्या, हे सगळं पावसाळ्याआधी खाली उतरलंच पाहिजे.

आवरण्याचा वारही नळावर ठरवा. निवडानिवड बिनपाण्याच्या दिवशी, धुणं-पुसणं नळाच्या दिवशी. उलटं केलं तर अर्धी धुतलेली भांडी तीन दिवस अंगणात पडतात आणि माणूस वैतागतो.

माळवदवाला

वजनाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. वर काटा-तराजू यांनी दिलेल्या हिशेबाने वर्तमानपत्रं सव्वा-दीड फूट उंच, भिंतीपासून भिंतीपर्यंत रचली की तिथेच ते २०० किलो भरतात. पोटमाळ्याचा स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा पातळ असतो, त्याच्यावर त्याहून कमी. पोटमाळ्याच्या भिंतीकडच्या सांध्यात आडवी चीर दिसली तर आधी वरचं सामान उतरवा, गिलावा नंतर.

गावठाणातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात तर आणखी जपायला हवं. मातीचा थर पावसात पाणी पितो आणि जड होतो, तेच वजन तुळयांवर येतं. त्यात वर जुने दरवाजे, विटा, फरश्या ठेवल्या असतील तर मे महिन्याच्या आत त्या उतरवा. खोलीत पेट्या ठेवायच्या तर भिंतीपासून चार इंच सोडून आणि खाली दोन विटा लावून. भिंतीला टेकलेल्या पेटीमागे वाळवी चढते आणि ती दिसते तेव्हा पेटीचा तळ गेलेला असतो.

आता महत्त्वाचं. परसातला लाकडांचा, कौलांचा, फरश्यांचा ढीग हलवायचा असेल तर हात घालू नका. आपल्या भागात लाल विंचू आहे, खडकाळ जागेत फुरसं हा विषारी सापही. आधी लांब काठीने ढीग हलवा, दहा मिनिटं थांबा, मग वरून एकेक वस्तू, स्वतःच्या दिशेने न ओढता पलीकडे उचला. पायात बूट, हातात चामडी हातमोजे, आणि काम दिवसाउजेडीच. विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं, त्यातून लहान मूल असेल, तर उताऱ्यात वेळ घालवू नका, थेट सिव्हिलला. प्राझोसिन या औषधाने लाल विंचवाचे मृत्यू टाळता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं आहे, पण ते वेळेत मिळालं पाहिजे.

मीटरच्या पेटीसमोर तीन फूट मोकळी जागा हवी. गॅसच्या टाकीभोवती रद्दी, चिंध्या, रॉकेलचे जुने डबे नकोत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि सामानाने भरलेल्या स्वयंपाकघरात तो बाहेर पडायला वाटच राहत नाही.

सूत आणि रंग

कपड्यांचं मी सांगतो. सोलापूरच्या घरात चादर टाकणं म्हणजे पाप वाटतं, आणि ते बरोबरच आहे, माल टिकाऊ असतो. पण ट्रंकेत १५ वर्षं दाबून ठेवलेली चादर घडीवर फाटते. हिशेब असा ठेवा: माणशी दोन, शिवाय पाहुण्यांसाठी चार. जादा चादरी फाटायच्या आत देऊन टाका. विरलेल्या चादरीचा भाव कुणी करत नाही, धडक्या चादरीला दहा घरं मिळतात.

ठेवायच्या चादरी धुवून, कडकडीत वाळवून, गार झाल्यावरच घडी करा. गरम घडी केली की आत वाफ राहते आणि पिवळे डाग पडतात. खळ किंवा स्टार्च लावून ठेवू नका, कसर त्यावरच येते. दर सहा महिन्यांनी घडी बदला. डांबराच्या गोळ्या घातलेले कपडे तान्ह्या बाळाला थेट वापरू नका. काही बाळांच्या रक्तावर त्या गोळ्यांचा गंभीर परिणाम होतो.

जुन्या लुगड्यांची वाकळ करायची असते म्हणून गाठोडी साठतात. एका माणसाच्या वाकळेला चार-पाच सुती साड्या पुरतात, चांगल्या दोन वर-खाली, विरलेल्या आत. नायलॉन आत घालू नका, थर सरकतो आणि टाका धरत नाही. तेव्हा किती वाकळा शिवायच्या आहेत ते ठरवा, त्याला पाचाने गुणा, तेवढ्याच साड्या ठेवा. शिवणारं माणूस आणि महिना ठरलेला नसेल तर गाठोडं बोहारणीच्या पिशवीत.

आणि बोहारणीबद्दल एक. एक पोतं कपडे गेलं आणि तीन पातेली आली, तर घरातलं सामान कमी झालं कुठे? भांडं नको म्हणून सांगा, किंवा जे रोज लागतं आणि घरातलं फुटलंय तेच घ्या.

शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात माग आहे किंवा होता, त्यांनी रिकामे कोन, बाबिनी, सुताचा गुंता आणि माळ्यावर बसलेला कापसाचा भुसा आधी काढावा. तो भुसा ठिणगीने क्षणात पेटतो. झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने उचला.

शाई-टाक

कागदांबद्दल भर घालते. घाईत रद्दीत जाऊ नयेत असे कागद: मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा, हाताने लिहिलेले जुने फेरफार. डिजिटल सहीचा सातबारा आता ऑनलाइन काढता येतो, त्यामुळे त्याच्या जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे ठेवायची गरज नाही, मूळ जुने उतारे मात्र राहू द्या.

बीडी कामगार असलेल्या घरांनी खास जपावं. जुनं ओळखपत्र, पासबुक, भविष्य निर्वाह निधीच्या पावत्या हे कागद कळकट दिसतात आणि पहिल्या आवराआवरीत जातात. पेन्शनच्या वेळी नोकरीची वर्षं जुळवायला तेच लागतात. पाहिजे तर फोटो काढा, पण मूळही ठेवा.

विजेची बिलं वर्षभराची पुरेत, सुरक्षा ठेवीची पावती कायम. धंद्याच्या जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या आपल्या उन्हाळ्यात काळ्या पडतात किंवा कोऱ्या होतात, वॉरंटी असेल तर लगेच झेरॉक्स काढा. आधारच्या झेरॉक्स, बँकेचे कागद, जुने चेक हे चार बोटं रुंदीचे तुकडे करून, पाण्यात भिजवून मगच टाका.

जुळे सोलापूर

एक शंका. देवाची जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, तडकलेल्या काचेच्या तसबिरी. रद्दीला देववत नाहीत, तलावात सोडायचं तर तेही पटत नाही. काय करावं?

पेठेतली अक्का

तलावात नकोच, ना सिद्धेश्वर ना कंबर. तसबिरीची काच आधी काढा, जाड वर्तमानपत्रात गुंडाळून वर "काच" लिहून घंटागाडीला वेगळी हातात द्या. चौकट लाकडाची असेल तर वापरता येते. चित्र साध्या कागदाचं असेल तर कातरून बादलीत दोन दिवस भिजवा, हाताने लगदा होतो, तो कुंडीत किंवा झाडाच्या बुंध्याशी मातीत मिसळा. चकचकीत, प्लॅस्टिकचा थर असलेली पत्रिका विरघळत नाही. तिच्यावरचं चित्र कापून एका पाकिटात ठेवा, उरलेला पुठ्ठा सुक्या कचऱ्यात. पाकीट भरलं की मंदिरातल्या गुरवांना विचारून तिथल्या निर्माल्याबरोबर द्या.

मनमोकळं

आतापर्यंतचं सगळं, ज्याला आवरायचं आहे पण जमत नाही अशा माणसासाठी झालं. ज्याला रिकामा दह्याचा डबा टाकतानाही घाम फुटतो, त्याच्याबद्दल वेगळं लिहायला हवं. त्याला "घाण साठवतोय" म्हणणं अन्याय आहे.

साठवणुकीचा विकार हा २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात स्वतंत्र आजार म्हणून धरला आहे, पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही आला. खूण सामानाची संख्या नव्हे. खोली ज्या कामासाठी आहे ते काम होतं का, ते बघा. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, न्हाणीघराचं दार पूर्ण उघडत नाही, दुरुस्तीला माणूस घरात घ्यायची लाज वाटते, ही लक्षणं. शौकाने नाणी किंवा जुनी भांडी जमवणारा त्यांची मांडणी करतो, दाखवतो. इथे ढीग लपवला जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते गावाला गेले असताना टेम्पो बोलावून घर रिकामं करणं. घर दोन दिवस छान दिसतं. मग विश्वास तुटतो, घबराट वाढते, आणि काही महिन्यांत ढीग पुन्हा उभा राहतो, या वेळी कुलपाआड.

त्याऐवजी आधी आवक थांबवा. रस्त्यावरून उचललेलं, सेलमधलं, "फुकट मिळालं" म्हणून आलेलं घरात येणं कमी झाल्याशिवाय जावक मोजण्यात अर्थ नाही. मग रोज १५ मिनिटं, एकच टोपली. वस्तू त्यांच्या हातात द्या, तुम्ही उचलू नका. निर्णय त्यांचा, बाहेर नेणं तुमचं. "हे कशाला ठेवलंय?" असं विचारू नका. "हे कुणाला उपयोगी पडेल?" विचारा, मोजून एक मिनिट थांबा, उत्तर नाही आलं तर ती वस्तू "नंतर" टोपलीत. एका बैठकीत "नंतर"च्या पाचच वस्तू, सहावीला निर्णय हवा. ठरलेलं त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे, रात्रभर दारात राहिलं तर परत आत येतं. अक्कांच्या पिशव्यांची पद्धत इथेही चालते, फक्त आठाऐवजी दोनच पिशव्या आणि त्यातली एक ओळखीच्या माणसाच्या नावाची.

साठी-सत्तरीनंतर अचानक कचरा गोळा करणं सुरू झालं आणि सोबत विसरणं, चिडणं, कपड्यांची शुद्ध नसणं दिसलं, तर तो स्मृतिभ्रंशाचा भाग असू शकतो. ते आवरण्याचं काम नाही, डॉक्टरकडे न्यायचं आहे.

उपचारात मुख्य भाग वर्तन-विचार पद्धतीच्या समुपदेशनाचा असतो, साधारण २० ते २६ बैठका, काही घरात जाऊन. सोबत नैराश्य असेल तर औषधं. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येतं. आधी घरच्यांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

कडक भाकरी

मनमोकळं, एक विचारतो. आईचं वय झालंय अशा घरात, म्हातारी म्हणते "पिशव्या लागतात". प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे गादीखाली. हे विकारात धरायचं का?

मनमोकळं

नुसत्या पिशव्यांवरून नाही. टंचाईत वाढलेल्या पिढीची ती सवय आहे, आणि तिच्यात शहाणपणही आहे. गादीवर झोपता येतंय ना? मग आकार ठरवा: एक पाच लिटरचा डबा, तो भरेल एवढ्या पिशव्या त्यांच्या, झाकण लागत नसेल तर जादा झालेल्या घंटागाडीला. डबा त्यांनीच निवडावा, आणि कुठल्या पिशव्या राहतील तेही त्यांनीच. तुम्ही तिथे बसा, हात लावू नका.

काटा-तराजू

त्या पिशव्या देताना तेलकट आणि कोरड्या वेगळ्या करा. दुधाच्या पिशव्या विसळून वाळवल्या तर भंगारवाला किलोवर घेतो, आंबट वास येत असला तर हातच लावत नाही.